बिजागरीवर झुकलेली चौदा झाडं

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, हाउगेन मंडळी नेहमीप्रमाणे आर्डिसकडे जेवायला आली. फरक एवढाच की थोरला व्हर्लिन हेल्मेट घालून आला.

"डोक्यावर ते काय?" आर्डिसनं दारातच विचारलं.

"सुरक्षा आहे, आई."

"हॅमच कापायचाय. काढ ते, आणि बूट झटकून ये."

व्हर्लिननं बूट झटकले, हेल्मेट मात्र काखेत ठेवलं. आज जेवणानंतर त्याला भाषण करायचं होतं. छप्पन्न वर्षांचा हा माणूस तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. गिऱ्हाईक बोल्ट मागायला आलं तर त्याला बोल्टचा इतिहास ऐकून जावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी पामर, म्हणजे त्याचे वडील गेले, तेव्हापासून घरामागची चाळीस एकरांची झाडी आपल्याच खांद्यावर आहे असं त्यानं धरून चाललं होतं. त्या झाडीतला हरणाचा दहा टोकांच्या शिंगांचा एक नर तीन वर्षं त्याला झुलवत होता. उन्हाळाभर गवतात दिसायचा आणि नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला की पृथ्वीनं गिळल्यासारखा नाहीसा व्हायचा. व्हर्लिननं पुष्कळ अभ्यास केला आणि निदान केलं: झाडी उंच झाली, खाली मोकळी पडली, हरणाला दडायला आडोसाच नाही. उपाय एकच. बिजागरी छाट, म्हणजे झाडं अर्धवट कापून आडवी वाकवायची.

"बस," आर्डिस म्हणाली. "तुझे काका मघापासून बसलेत."

थोर्वाल्डकाका म्हणजे पामरचा धाकटा भाऊ. वय एक्याऐंशी, जन्म लाकूडतोडीत गेलेला, आता वळणापलीकडच्या छोट्या घरात एकटाच राहायचा आणि रोज सकाळी वहिनीकडे कॉफीला यायचा. एरवी पुतण्या दिसला की तो टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. आज तो लेफ्साला लोणी लावत होता, आणि तेही अशा तल्लीनतेनं, की बटाट्याच्या त्या पातळ पोळीवर जणू कुणाचं चित्र काढतोय.

"स्वयंपाकघराचा पडदा का ओढलाय भरदुपारी?" व्हर्लिननं विचारलं.

"ऊन लागतं."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

आर्डिस उत्तर द्यायच्या आत दार धाडकन उघडलं आणि त्याची बहीण मार्ना आत आली. मागोमाग तिचा नवरा गॉर्डी, दोन्ही हातांत रताळ्याचं गरम भांडं धरून.

"कापलीस ना शेवटी!" मार्ना बुटांसकट आत घुसली. "दोन आठवडे थांब म्हटलं होतं! मेपलचा रस उतरायला लागेल आता, आणि तू माझी झाडं कापलीस!"

"कुठली झाडं?"

"वरच्या रस्त्यावरून दिसली मला. अख्खा उतार आडवा पडलाय!"

"मार्ना, मी अजून करवतीत तेलसुद्धा घातलेलं नाही."

"मग वर काय आभाळ कोसळलं?" असं म्हणून तिनं खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला.

समोर, घरामागच्या उतारावर, बर्फात चौदा झाडं कमरेतून वाकली होती. तुटलेली नव्हती. नमस्काराला वाकावीत तशी वाकलेली, बुंधे उभे, शेंडे जमिनीला टेकलेले.

व्हर्लिनच्या तोंडून पहिला शब्द आला तो रागाचा नव्हता. "वा," तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं की ही कल्पना त्याची होती. तो वळला. "गॉर्डी! मी तुला नकाशा विश्वासानं दाखवला होता!"

"कसला नकाशा?" मार्नानंही नवऱ्याकडे वळून विचारलं.

गॉर्डीनं रताळ्याचं भांडं कुठं ठेवता येईल का ते पाहिलं. जागा नव्हती.

"तो असा... छाटणीचा," तो म्हणाला. "व्हर्लिन म्हणाला, मी तुला समजावलं तर मला पूर्वेचं मचाण देईल."

"तू मला मचाणासाठी विकलंस?"

"पूर्वेचं, मार्ना. तिथं सकाळी ऊन येतं."

*

मार्ना चढावर सगळ्यांच्या पुढे होती. शाळेच्या खानावळीत वीस वर्षं तीनशे पोरांना वाढणारी ही बाई रागावली की चालत नसे, कूच करत असे. वडिलांनी तिला सात वर्षांची असताना मेपलला भोक पाडून रस काढायला शिकवलं होतं, आणि दर मार्चात त्या रसाचा पाक आटवताना तिला ते शेजारी उभे असल्यासारखे वाटायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणायची की धंदा बरा चालतो.

पहिल्या झाडाशी ती थांबली. हात सालीवरून फिरवला. एल्म. दुसरं बॉक्स एल्डर. तिसरं, चौथं, तीच गत. सगळी मांडीएवढी किंवा त्याहून बारीक, कुणी सरपणालाही घेणार नाही अशी. राग कुठं ठेवावा ते तिला कळेना.

"बघ!" व्हर्लिन धापा टाकत मागून आला. हेल्मेट पुन्हा डोक्यावर होतं. "ज्यानं कुणी केलंय त्यानं माझे सगळे नियम पाळलेत. ओकला हात लावलेला नाही, कारण ओकची फळं हरणाला हवीत. काप तिरका. खोड दोनतृतीयांश कापायचं नि थांबायचं, म्हणजे एका बाजूची साल नि लाकूड दाराच्या बिजागरीसारखं राहतं. झाड पडतं, पण मरत नाही. वसंतात आडव्या झाडाला पालवी येते, हरणाच्या तोंडाशी. आणि थंडीतच कापायचं, झाड झोपेत असताना."

"तुला कुणी विचारलं?"

"ही शेंड्यांची दिशा बघ! वाट मोकळी ठेवलीये. सगळं आडवंतिडवं पाडलं तर हरीणही आत शिरत नाही. इथं मागं वाऱ्याला आडोसा, पुढं खालचा उतार दिसतोय. ही हरणाची बैठकीची खोली आहे, मार्ना!" त्यानं वाकलेल्या खोडावर हात ठेवला. "मला दोनशे झाडं लागली असती हे करायला."

गॉर्डी सुतार होता. तो दोघांचं न ऐकता एका कापाशी वाकला होता. कपाटं करून करून त्याला लाकडावरची करवतीची रेघ अक्षरासारखी वाचता यायची, आणि आत्ता जे वाचलं ते त्याला अजिबात आवडलं नाही. बायकोची बाजू घ्यावी की मेव्हण्याची, एवढ्यावरच त्याचं आयुष्य चाललं होतं. ही तिसरीच बाजू निघत होती.

"हे चेनसॉचं, यंत्राच्या करवतीचं काम नाही," तो हळूच म्हणाला. "हातकरवत आहे. दात जुने, पण धार ताजी."

"आजकाल हातकरवत कोण वापरतं?"

"आणि काप फार खाली आहेत. तू कमरेशी कापशील ते तुझ्या कमरेशी. हा माणूस..." गॉर्डीनं आपल्या मांडीवर हात ठेवून उंची दाखवली. "पाच फुटांचा असेल. जेमतेम."

बर्फात बुटांचे ठसे होते. एक जोड मोठी, एक पाय ओढत चाललेली. दुसरी जोड लहान मुलाची म्हणावी एवढी. तिघांनी ठशांवरून नजर खाली नेली. ठसे उतारावरून, कोठाराला वळसा घालून, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले होते.

खिडकीत आर्डिस उभी होती. तिनं पडदा ओढून घेतला.

"नाही," मार्ना म्हणाली.

"शक्यच नाही," व्हर्लिन म्हणाला.

गॉर्डीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि सासूबद्दल काय शक्य नाही हे ठरवायचं त्यानं पहिल्याच वर्षी सोडलं होतं.

*

लपण्यात आता अर्थ नव्हता. आर्डिसनं पामरचा जुना कोट चढवला, हॅमवर झाकण ठेवलं, दारामागची करवत घेतली आणि ती उतार चढू लागली. मागून थोर्वाल्ड आकडा लावलेला लांब बांबू टेकत आला. वर पोचेपर्यंत ती मनात उत्तरं जुळवत होती, पण वर पोचून पोरांचे चेहरे पाहिले आणि तिला हसूच आलं. लहानपणी दोघांना एकाच वेळी गोवर झाला होता तेव्हा असेच दिसत होते.

"आई, तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस!" मार्ना म्हणाली.

"ठाऊक आहे. केकवर तूच लिहिलं होतंस."

"एखादं झाड अंगावर आलं असतं म्हणजे?"

"मी बाजूला झाले असते. कापायच्या आधी पळायची वाट बघून ठेवते मी. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, तेही बघते."

"एकटीनं कापायचं नसतं!" व्हर्लिन ओरडला. "पहिला नियम आहे तो!"

"मी एकटी कुठं होते?"

सगळ्यांनी थोर्वाल्डकडे पाहिलं.

"मी फक्त ढकलतो," थोर्वाल्ड म्हणाला. "कापते तीच. मला हात लावू देत नाही करवतीला."

"काका, तुमच्या कमरेत खिळे आहेत!"

"म्हणून तर ढकलतो. वाकावं लागत नाही."

चर्चमधून निघताना एकमेकांकडे न बघणारी बहीणभावंडं आता खांद्याला खांदा लावून उभी होती. आर्डिसला पुढचं वाक्य आधीच कळलं. नाताळापासून ती दोघं ते तोंडात घोळवत होती, फक्त कुणी बोलायचं यावर अडलं होतं.

"आई," व्हर्लिन मऊ आवाजात म्हणाला, "गावात त्या नव्या सदनिका झाल्यात. ज्येष्ठांसाठी. सगळं एकाच मजल्यावर."

"बर्फ काढायला माणूस येतो," मार्नानं जोडलं.

"आणि बाहेर काय दिसतं खिडकीतून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पार्किंग," गॉर्डी म्हणाला. त्याला खरं बोलायची वाईट खोड होती.

"पण हे बरोबर नाही, आई," व्हर्लिननं विषय झटकन बदलला. "हातकरवतीनं, चष्म्याशिवाय, हेल्मेटशिवाय. नीट कसं करतात ते मी दाखवतो. थांब."

तो खाली ट्रककडे गेला आणि चेनसॉ, आवाज अडवणारी कानाची बोंडं, जाळीचा चष्मा आणि मांड्यांवर बांधायची जाड संरक्षक पँट असा सगळा सरंजाम चढवून वर आला. चालताना आवाज येत होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि आईची सगळी झाडं किरकोळ वाटावीत असं एक झाड निवडलं. कवेत जेमतेम मावेल एवढ्या घेराचा, खालच्या बाजूला झुकलेला ॲश.

थोर्वाल्डनं बांबू जमिनीत रोवला. "तो नको."

"का?"

"जाड आहे. झुकलाय. आणि ॲश चिरतो. तुझा तर भुंग्यानं खाऊन अर्धा मेलाय. मेलेल्या झाडाला बिजागरी नसते, पोरा."

"काका, तुमच्या वेळचं वेगळं होतं. मी पुढून आधी खाच घेतो आणि..."

"खाच घेतलीस तरी चिरेल."

"ऐकू येत नाही!" व्हर्लिननं कानाची बोंडं दाखवली आणि दोरी ओढली.

आर्डिस दोन पावलं मागं झाली आणि मार्नाला कोटाला धरून मागं ओढलं. तिला ओरडावंसं वाटलं. पण मशीन चालू असलेल्या माणसाला हाक मारून दचकवायचं नसतं, हे तिला पामरनं लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं होतं. ती ओठ मिटून उभी राहिली, आणि ते ओरडण्यापेक्षा कठीण होतं.

करवत निम्म्यात गेली असेल नसेल. बंदुकीसारखा आवाज झाला. झाड पडलं नाही, उभं चिरलं. बुंध्याचा मागचा अर्धा भाग सपकन वर उसळला, चेनसॉ हिसकली, हेल्मेट एकीकडे उडालं, व्हर्लिन दुसरीकडे. मग वरचं सगळं झाड कडाडत खाली आलं आणि बर्फाचा धुरळा उठला.

धुरळ्यात सगळ्यांत आधी मार्ना घुसली.

"व्हर्लिन! व्हर्लिन, गाढवा, बोल काहीतरी!"

तो पाठीवर पडला होता, डोळे उघडे, चेहरा बर्फासारखा. ती गुडघ्यांवर बसून त्याचे हात, पाय, डोकं चाचपू लागली. पन्नाशीतली बाई, रडत होती आणि थोबाडीत मारल्यासारखी त्याचे गालही थोपटत होती.

"मारतेस काय," तो पुटपुटला.

"लागलं कुठं?"

"बसायच्या जागी." त्यानं हातानं डोकं चाचपलं. "ते डोक्याजवळून गेलं, मार्ना. वारा लागला मला त्याचा."

आर्डिस आली आणि त्याच्याजवळ बर्फातच बसली. तिनं पोराच्या केसांतला लाकडाचा भुसा काढायला सुरुवात केली, एकेक कण. सगळा निघाला तरी काढत राहिली.

"दोन वर्षांपूर्वी तुझा बाप गेला," ती शेवटी म्हणाली. "इतक्यात आणखी कुणाला पोचवायची माझी तयारी नाही. कळलं?"

"कळलं, आई."

"उठ आता. थंडी बाधेल."

उठवायला गॉर्डी आणि मार्ना दोघं लागले. व्हर्लिननं चिरलेल्या बुंध्याकडे एकदा पाहिलं आणि मग थोर्वाल्डकडे. थोर्वाल्डनं एक्याऐंशी वर्षांत मिळालेली टोमण्याची सगळ्यांत मोठी संधी सोडून दिली. त्याऐवजी त्यानं बांबू उचलला आणि वहिनीला खूण केली.

आर्डिसनं मनगटाहून थोडं जाड एक बॉक्स एल्डर निवडलं. आधी वर पाहिलं, मग मागं पाहिलं, वाटेतली एक फांदी पायानं सरकवली. थोर्वाल्डनं आकडा वर अडकवला आणि हलकेच ताण दिला. ती तिरकं कापू लागली. घाई नाही, करवत श्वासासारखी आत-बाहेर. मध्येच थांबून तिनं लाकडाला कान दिला.

"काय ऐकतेस?" व्हर्लिननं विचारलं.

"बोलतं ते. कुरकुरलं की थांबायचं. पुढं गेलं की बिजागरी तुटते."

लाकूड कुरकुरलं. ती बाजूला झाली. थोर्वाल्डनं ढकललं आणि झाड म्हातारं माणूस खुर्चीत बसावं तसं सावकाश खाली आलं. सालीचा रुंद पट्टा अखंड राहिला.

"आणि हे?" मार्ना थोडं वर गेली होती. तिथं पंधरा पावलांवर एकच वाकडा, काटकुळा मेपल वाकवलेला होता. "हा मेपल आहे, आई."

"आहे. तुझ्या त्या मोठ्याच्या उरावर वाढत होता. आता मोठ्याला ऊन मिळेल, दोन वर्षांत रस वाढेल. वेड्यासारखी बघू नकोस, मी तुला पत्र लिहून परवानगी मागणार नव्हते."

मार्नानं मोठ्या मेपलकडे पाहिलं. त्याच्या शेंड्यावर पहिल्यांदाच चारी बाजूंनी आभाळ होतं. तिनं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "हॅम गार झाला असेल."

*

हॅम गार झाला होता, रताळी तर दगड. सगळ्यांनी मुकाट्यानं दोनदा वाढून घेतलं. व्हर्लिन उभ्यानंच जेवत होता. बसवत नव्हतं.

"सदनिकेचं बोलू या," आर्डिस म्हणाली.

मार्नाचा काटा हातातच थांबला.

"मी जात नाही. पण तुमचंही चुकलं नव्हतं. आज बघितलं मी, अपघाताला किती वेळ लागतो ते. टाळी वाजवण्याइतका." तिनं करवतीकडे मानेनं खूण केली. "यापुढं थोर्वाल्ड नि मी दोघंच वर जाणार नाही. तिसरं कुणीतरी खाली उभं राहील, ज्याला पळता येतं. गॉर्डी, शनिवारी मोकळा असतोस?"

"असतो," गॉर्डी म्हणाला आणि बायकोकडे पाहिलं. बायको मान डोलावत होती. एकाच वाक्यात सासू आणि बायको दोघी खूश, असं त्याच्या आयुष्यात पूर्वी घडलेलं त्याला आठवेना.

"वरच्या अंगाच्या सगळे मेपल मार्नाचे. खुणा तीच करेल, आणि तिनं खूण केलेल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. उतार माझा. यंदा एवढंच पुरे, उगीच सगळी टेकडी आडवी करायची नाही. पुढं कापायचं ते वनखात्याच्या माणसाला बोलावून, त्याला विचारून."

"आणि मी?" व्हर्लिन म्हणाला. छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या मानानं फार बारीक आवाजात.

"तू त्या चिरलेल्या ॲशचं सरपण कर. बसता येईल तेव्हा."

थोर्वाल्ड खोकला. तो हसत होता हे सगळ्यांना कळलं.

व्हर्लिन ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, ती जागा तू बरोबर कशी निवडलीस? मी तीन वर्षं नकाशे काढतोय."

"निवडली कुठं? ते आधीपासून तिथंच बसतं. तुझं ते दहा टोकांचं. नोव्हेंबरात बंदुका सुरू झाल्या की घरामागं येऊन बसतं, इथं कुणी येत नाही म्हणून. दुपारी उठून पाय ताणतं नि पुन्हा बसतं. म्हटलं, म्हाताऱ्याला जरा आडोसा करून द्यावा."

"तीन वर्षं?" व्हर्लिनच्या हातातला काटा खाली गेला. "तीन वर्षं मी पलीकडच्या डोंगरावर गारठून मरतोय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू आलास की तूच सांगत असतोस."

कुणी हसलं नाही. व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आई म्हणत होती ते खरं होतं, त्याला आठवत होतं: दर हंगामात याच टेबलाशी बसून त्यानं आईला वाऱ्याची दिशा समजावली होती, आणि तिनं कॉफी ओतत "असं होय" म्हटलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मग आता विचारतो. मी कुठं बसू, आई?"

आर्डिस उठली. तिनं सोफ्यावरची उशी आणली, खिडकीसमोरच्या खुर्चीवर ठेवली आणि दोनदा थोपटली.

"इथं. आणि बोलायचं नाही."

तो जपून टेकला. मार्ना त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं दिवा मालवला. थोर्वाल्डनं कप आवाज न करता बशीत ठेवला. उतारावर ऊन कलत होतं आणि आडव्या शेंड्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

व्हर्लिन अकरा मिनिटं गप्प बसला. गॉर्डीनं घड्याळ लावून मोजलं, कारण नंतर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. बाराव्या मिनिटाला, नुकत्याच पाडलेल्या बॉक्स एल्डरच्या कोवळ्या डहाळ्यांमागं, एक कान हलला.